मदत हवी आहे : लीड्समध्ये शिकणाऱ्या मुलीला ‘व्हिसा रद्द होईल’ असा फोन आला, पुढे काय करावे?

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदाच्या सप्टेंबरपासून इंग्लंडमधील लीड्स येथे एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गेली आहे. आम्ही सांगलीचे, आमच्या घरातून परदेशी शिकायला जाणारी ती पहिलीच, त्यामुळे विचारावे असे ओळखीचे तिथे कोणी नाही.

काल दुपारी तिला एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण ब्रिटनच्या गृहखात्याच्या, म्हणजे होम ऑफिसच्या, व्हिसा विभागातून बोलत असल्याचे सांगितले. तिचे पूर्ण नाव, विद्यापीठ आणि अभ्यासक्रम त्याने अचूक सांगितला आणि भारतातून निघताना भरायचा एक अर्ज राहून गेल्यामुळे तिचा व्हिसा रद्द करून तिला परत पाठवण्यात येईल, असे बजावले. ते टाळायचे असेल तर आजच्या आज दंडाची रक्कम एका खात्यात भरावी लागेल, आणि चौकशी गोपनीय असल्यामुळे फोन चालू ठेवूनच, घरी किंवा मैत्रिणींना काहीही न सांगता, हे काम उरकावे, असेही तो म्हणाला. फोनवर दिसणारा क्रमांक तिने इंटरनेटवर शोधला, तर तो खरोखरच एका सरकारी कार्यालयाचा निघाला. त्यामुळे ती पुरती घाबरली. शेजारच्या खोलीतील नायजेरियाच्या विद्यार्थिनीने तिचा चेहरा पाहून विचारपूस केली आणि सरळ फोन बंद करायला लावला, म्हणून पैसे वाचले. मात्र तोवर तिने जन्मतारीख, पासपोर्टचा क्रमांक आणि बँकेचे नाव सांगितलेले होते.

आता तिला रात्रभर झोप नाही. विद्यापीठात सांगितले तर ते व्हिसाच्या कागदपत्रांत नोंद करतील, पोलिसांकडे गेले तर आपल्यावरच बालंट येईल, अशी तिची भीती आहे. हा फोन खोटाच होता असे खात्रीने समजावे का, दिलेल्या माहितीचा गैरवापर होऊ नये म्हणून तिने काय करावे, आणि कोणाला सांगणे तिच्यासाठी सुरक्षित आहे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. तिचे वडील ‘परत बोलावून घेऊ’ म्हणत आहेत.

प्रतिसाद १

ताई, हा फोन बनावट आहे, याविषयी मनात तिळमात्र शंका ठेवू नका. ब्रिटनचे गृहखाते फोन करून दंडाची किंवा कसलीही रक्कम मागत नाही. फोनच्या पडद्यावर दिसणारा क्रमांक हवा तसा दाखवता येतो, त्यामुळे तो खऱ्या कार्यालयाशी जुळला यावरून काहीच सिद्ध होत नाही. नाव, विद्यापीठ आणि अभ्यासक्रम ही माहिती विद्यार्थ्यांच्या समाजमाध्यमांवरील पानांवरून सहज मिळते.

तिची भीती आज संध्याकाळपर्यंत जावी असे वाटत असेल, तर तिला स्वतःचा व्हिसा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला सांगा. तिथे आता प्लास्टिकचे ओळखपत्र मिळत नाही, त्याच्या जागी ई-व्हिसा असतो. सरकारी संकेतस्थळावरील आपल्या खात्यात शिरून तिने पाहावे. परवाना कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि कोणत्या अटींवर आहे, हे तिथे स्पष्ट दिसते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. या खात्यात शिरताना पासपोर्टचा क्रमांक आणि जन्मतारीख लागते, आणि नेमके तेच तिने त्या माणसाला सांगितले आहे. त्यानंतर तिच्या फोनवर किंवा ईमेलवर एक सांकेतिक अंक येतो. तो अंक कोणालाही, कोणत्याही सबबीखाली, सांगायचा नाही. असा अंक तिने न मागता आला, तर कोणीतरी तिच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न करत आहे असे समजावे. ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड तिने आजच बदलावा, कारण ईमेल दुसऱ्याच्या हाती गेला की तो अंकही त्याच्या हाती जातो. बँकेशी बोलण्यासाठी १५९ हा क्रमांक फिरवावा. ब्रिटनमधील बहुतेक मोठ्या बँका या क्रमांकावरून थेट जोडल्या जातात. ‘बँकेतून बोलतो’ म्हणून आलेल्या फोनवर मात्र तिने बोलू नये. संशयास्पद संदेश आल्यास तो ७७२६ वर पुढे पाठवता येतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी बऱ्याच वर्षांपासून उत्तर इंग्लंडमध्ये राहते आणि दर सप्टेंबरमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना स्थिरस्थावर होण्यासाठी आम्ही काही जण मदत करतो. म्हणून ‘कोणाला सांगावे’ या आपल्या प्रश्नावर थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच आहे.

विद्यापीठ हे तिच्या व्हिसाचे प्रायोजक आहे, त्यामुळे काही गोष्टी गृहखात्याला कळवणे त्याच्यावर बंधनकारक असते, हे खरे. पण त्या गोष्टी म्हणजे नोंदणी न करणे, सतत गैरहजर राहणे, शिक्षण सोडणे अशा प्रकारच्या असतात. एखाद्या विद्यार्थिनीला भामट्याने फोन केला, ही त्यांतली गोष्ट नव्हे. तिने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागात आणि विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात जाऊन सगळे मोकळेपणाने सांगावे. तिथल्या लोकांनी असे प्रसंग अनेकदा हाताळलेले असतात आणि तिच्यामुळे इतर विद्यार्थीही वेळीच सावध होतील. पोलिसांचेही तेच. गुन्ह्याची तक्रार केल्यामुळे विद्यार्थ्याचा व्हिसा धोक्यात येत नाही. फसवणुकीची नोंद घेणारी राष्ट्रीय पोलीस सेवा ०३०० १२३ २०४० या क्रमांकावर आहे, आणि तातडीचे नसलेले कोणतेही काम असेल तर पोलिसांसाठी १०१ आहे.

माझा अनुभव असा की आमच्याकडे रडत येणाऱ्या मुलांच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी व्हिसा जाण्याची भीती असते आणि ती भीती ओळखणारी माणसे तिचा फायदा घेतात. हॉटेलात किंवा गोदामात काम देणारा एखादा मालक सांगतो, की रोख पैसे देतो, तासांची काळजी करू नकोस. पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करण्याची परवानगी असते. मर्यादा ओलांडली की तो मुलगा मालकाच्या मुठीत जातो. पगार बुडवला तरी, शिवीगाळ केली तरी, तो कोणाकडे जात नाही. म्हणून २० तासांचा नियम मी सुरक्षिततेचाच नियम मानते, आणि प्रत्येक नव्या मुलाला तो पहिल्याच भेटीत सांगते.

दुसरा सापळा बँकेच्या खात्याचा. ‘तुझ्या खात्यात थोडी रक्कम येईल, ती पुढे पाठव, काही पौंड तुला ठेव,’ असे सांगणारा कित्येकदा आपल्याच वर्गातला किंवा आपल्याच भाषेचा असतो. ती रक्कम चोरीची असते आणि खातेदार मनी लाँडरिंगमध्ये सापडतो. त्याला कमाल शिक्षा १४ वर्षांच्या कैदेची आहे. खाते बंद होते आणि पुढे दुसरीकडे खाते उघडणेही कठीण जाते. याच जातीचा आणखी एक प्रकार म्हणजे ‘विद्यापीठाचे शुल्क आमच्यामार्फत सवलतीत भरा’ हा. तो मध्यस्थ चोरलेल्या कार्डाने शुल्क भरतो, विद्यार्थ्याकडून पैसे घेतो, आणि काही दिवसांनी मूळ कार्डधारकाने तक्रार केली की भरलेले शुल्क मागे फिरते. शुल्क विद्यापीठाच्या अधिकृत मार्गानेच भरावे.

खोलीविषयी आपण विचारलेले नाही, पण वर्षाच्या मध्यात ती खोली बदलणार असेल तर ध्यानात असू द्या. स्वतः किंवा विश्वासातल्या कोणी खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक पौंडही देऊ नये. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे मिळताच चावी कुरिअरने पाठवतो’ असे म्हणणारा घरमालक हा घरमालक नसतो. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने, सर्वसाधारण भाड्याच्या घरासाठी, खोली राखून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याच्या आणि अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ती अनामत ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करणे घरमालकाला बंधनकारक असते. मालकाच्या स्वतःच्या घरात एक खोली घेऊन राहिल्यास मात्र हे अनामत जमा करण्याचे संरक्षण मिळत नाही, आणि आपली मुले स्वस्त म्हणून नेमकी तीच खोली घेतात.

तिच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मुलीने चूक केलेली नाही. शेजारणीचे ऐकून तिने फोन बंद केला, हे धैर्याचे काम आहे.

प्रतिसाद ३

मी पुण्याचा, बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी. भारताच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत ‘डिजिटल अटक’ या नावाने ज्येष्ठ नागरिकांना ज्या पद्धतीने लुबाडले जाते, तीच पद्धत इथेही दिसते : अधिकाराचा धाक, आजच्या आजची घाई, फोन बंद न करण्याची सक्ती आणि कोणाला न सांगण्याची ताकीद. चारांपैकी कोणतीही एक गोष्ट दिसली तरी बोलणे थांबवावे, एवढे घरातल्या प्रत्येकाने, आजी-आजोबांसह, पाठ करावे.

पुढचा फोन कदाचित तुम्हालाच येईल, याची तयारी ठेवा. ‘तुमची मुलगी आमच्या ताब्यात आहे’ किंवा ‘तिला पोलिसांनी पकडले आहे’ असे सांगून पालकांकडून पैसे उकळले जातात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात एका चिनी विद्यार्थ्याला भामट्यांनी फोनवरून धमकावून एकांतात जायला लावले, त्याच्या आईवडिलांना अपहरण झाल्याचे भासवले आणि त्यांच्याकडून सुमारे ८० हजार डॉलर उकळले. पोलिसांना तो मुलगा थंडीत एका तंबूत सुखरूप सापडला. म्हणून तुम्हा तिघांतच राहील असा एक परवलीचा शब्द ठरवा. तसेच तिच्या शेजारणीचा, एका वर्गमैत्रिणीचा आणि विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाचा दूरध्वनी क्रमांक तुमच्याकडे लिहून ठेवा, म्हणजे तिचा फोन लागला नाही तरी तुम्ही हतबल होणार नाही. भारतातल्या खात्यातून पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

भारतीय उच्चायुक्तालयाच्या नावानेही असे फोन येतात आणि उच्चायुक्तालयाने त्याविषयी सावधगिरीच्या सूचना दिलेल्या आहेत. त्या नावानेही फसू नये.

मूळ प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तत्परतेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मुलीने ई-व्हिसा पाहिला. सगळे व्यवस्थित आहे. बँकेशी ती बोलली, त्यांनी खात्यावर लक्ष ठेवण्याची नोंद केली आहे. आज ती शेजारणीला सोबत घेऊन विद्यार्थी सल्ला केंद्रातही जाऊन आली आणि तिथे तिला कोणी दोष दिला नाही. परवलीचा शब्द ठरला आहे. तिच्या वडिलांचा परत बोलावण्याचा विचार तूर्त मागे पडला आहे.

आता एकच विचारायचे आहे. ‘दिवेलागणीच्या आत खोलीवर ये’ असे मी तिला बजावले, तर ती म्हणते की आई, इथे ते शक्यच होणार नाही. त्यासाठी काय व्यवस्था असते?

प्रतिसाद २ लिहिणारी सदस्या

ताई, मुलीचे म्हणणे बरोबर आहे. डिसेंबरच्या मध्यात लीड्सला दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो; तिचे तास आणि ग्रंथालय त्याच्या पुढेच चालणार. अंधाराची वेळ टाळता येणार नाही, तेव्हा तिने वाट आणि सोबत ठरवावी. मोठ्या, उजेडाच्या रस्त्याने यावे, बागेतून जाणारी जवळची वाट रात्री घेऊ नये, कानात गाणी लावून चालू नये. फोन हातात धरून रस्त्याच्या कडेने जाऊ नये, कारण सायकलवरून किंवा दुचाकीवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार तिथे होतात. खासगी टॅक्सी आधी नोंदवलेलीच असावी. नंबरपाटी जुळल्याशिवाय आणि चालकाने तिचे नाव सांगितल्याशिवाय तिने आत बसू नये.

तातडीचा क्रमांक ९९९ आहे. बोलणे धोक्याचे असेल तर मोबाइलवरून ९९९ लावून, सूचना ऐकू आल्यावर ५५ दाबावे, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो. मात्र त्याने ठिकाण आपोआप कळत नाही, म्हणून शक्य होईल तेव्हा कुजबुजत्या आवाजात का होईना, पत्ता सांगावा. आजारपणाच्या सल्ल्यासाठी १११ आहे. जवळच्या डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, तिने अजून नाव नोंदवले नसेल तर या आठवड्यात नोंदवावे. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचे शुल्क, तिने व्हिसाबरोबर भरलेलाच आहे. मन फार अस्वस्थ झाले आणि रात्री बोलायला कोणी नसले, तर सॅमॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो.

आणखी एक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि आपल्यातले अंतर साडेचार तासांऐवजी साडेपाच तासांचे होते. रोजच्या फोनची वेळ त्याप्रमाणे बदलून घ्या, नाहीतर त्या दिवशी तिचा फोन तासभर उशिरा आला म्हणून घरात उगीच घबराट होईल.