हाडांवरचं संशोधन आणि दंतमहाविद्यालय
कुणीतरी म्हटलंय की दंतमहाविद्यालयात राहून हाडांच्या पेशींवर संशोधन करणं म्हणजे करिअर वाया घालवणं, ते काम ऑर्थोपेडिकवाल्यांचं. अजिबात पटलं नाही. ब्रेसेसनी दात सरकतो तो एका बाजूचं हाड पेशी खातात आणि दुसऱ्या बाजूला नवं भरतं म्हणून. हा प्रश्न मुळात दातवाल्यांच्या घरचाच आहे.

तोक्योच्या शोवा विद्यापीठातले तात्सुओ सुदा दंतविद्याशाखेत बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक होते. हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, तयार कशा होतात, या एकाच प्रश्नामागे त्यांचा गट वर्षानुवर्षं होता. १९८८ मध्ये त्यांनी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी हाड बांधणाऱ्या पेशींसोबत एकाच डिशमध्ये वाढवल्या, वर सक्रिय ड जीवनसत्त्व घातलं, आणि ऑस्टिओक्लास्ट तयार झाले. दोन्ही पेशी एकमेकींना चिकटल्या तरच, मध्ये पडदा घातला तर ऑस्टिओक्लास्ट तयार होत नव्हते. म्हणजे खाणाऱ्यांना हुकूम बांधणाऱ्यांकडून मिळतो! तो हुकूम देणारा रेणू, रँकएल, १९९८ मध्ये सापडला, तोही स्नो ब्रँड या दूध कंपनीच्या संशोधकांसोबत. त्यालाच अडवणारं डेनोसुमॅब हे औषध २०१० पासून ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, वापरात आहे. माझ्या आईला दर सहा महिन्यांनी तेच इंजेक्शन असतं, आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांनी तिला दात तपासून घ्यायला पाठवलं होतं, कारण या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड मरतं.