विजेवरची स्कूटर दहा वर्षे टिकेल, हा हिशेब खरा मानावा का?

घाटवाट (पुणे)

२०२१ च्या दिवाळीत घेतलेल्या माझ्या विजेवरच्या स्कूटरने परवा ३६,००० किलोमीटर पूर्ण केले. "बॅटरी बसली की गाडी भंगारात" हे भाकीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज कानी पडते, ते या निमित्ताने तपासून पाहावेसे वाटले. माझी बॅटरी २.९ किलोवॅट-तासांची, म्हणजे २.९ युनिट वीज साठवणारी आहे. नवी असताना एका चार्जिंगमध्ये गाडी ८२ किलोमीटर जात असे, आता ७० जाते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी साधारण ८०० ते १,००० पूर्ण आवर्तनांनंतर (एक आवर्तन म्हणजे एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरणे) मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते असे मानतात. माझी आवर्तने अजून पाचशेच्या आतच आहेत. वर्षाला ७,५०० किलोमीटर या गतीने दहा वर्षे गाठणे मला अशक्य वाटत नाही.

आजवरचा खर्च म्हणाल तर एकदा दोन्ही टायर, एकदा ब्रेक पॅड, एकदा ब्रेक ऑइल आणि एकदा बेल्ट. इंजिन ऑइल, प्लग, एअर फिल्टर, क्लच हा व्यापच नाही. प्रवासाला किलोमीटरमागे सुमारे ४५ पैशांची वीज लागते, तर माझी जुनी पेट्रोलची स्कूटर सव्वादोन रुपये खात असे. ओलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ८ वर्षे किंवा ८०,००० किलोमीटरची बॅटरी हमी जाहीर केली आणि एथरनेही तेवढ्याच मुदतीची, ७० टक्के क्षमतेची खात्री देणारी वाढीव हमी आणली. एवढा विश्वास कंपन्या दाखवत असतील, तर आपण इतके साशंक का आहोत?

वऱ्हाडी पाव्हणा (नागपूर)

आपला हिशेब आवर्तनांचा आहे, आणि तेथेच तो लंगडा पडतो. लिथियम बॅटरी चालवल्याने झिजते तशीच नुसती ठेवल्यानेही झिजते, आणि उष्णतेत ही दुसरी झीज फार वेगाने होते. पुण्यातील मे महिना आणि आमच्याकडील ४५ अंशांचा मे महिना यांत जो फरक आहे, तोच तुमच्या ७० किलोमीटरमध्ये आणि माझ्या ५४ किलोमीटरमध्ये आहे. माझी गाडी तुमच्याहून वर्षभराने नवी आणि तिची बॅटरी जवळपास तेवढ्याच क्षमतेची आहे. दुपारी कार्यालयाबाहेर पत्र्याखाली उभी राहायची, संध्याकाळी घरी आल्याबरोबर चार्जिंगला लागायची आणि रात्रभर शंभर टक्क्यांवर राहायची. यात माझीही चूक आहे, हे मान्य करतो. पण गाडी विकताना हे मला कोणीही सांगितले नव्हते.

खरे दुखणे मात्र बॅटरीचे नाहीच. हमी संपल्यानंतर अडीच महिन्यांनी कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज किती जावी हे सांभाळणारा भाग, गेला. सर्व्हिस सेंटरला, ज्याचे नाव येथे घेत नाही, तो सुटा भाग यायला पाच आठवडे लागले, आणि तेवढे दिवस मी वडिलांची १९ वर्षांची पेट्रोल स्कूटर चालवली. ती कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासात दुरुस्त होते. शिवाय नवी विद्युत स्कूटर घेताना ५ टक्के जीएसटी लागतो, पण तिची बॅटरी स्वतंत्रपणे विकत घेतली तर १८ टक्के लागतो. म्हणजे नवी गाडी घेणाऱ्याला सवलत आणि जुनी टिकवू पाहणाऱ्याला भुर्दंड! मला नव्या बॅटरीची सांगितलेली किंमत ६५,००० रुपयांच्या पुढे होती. पाच वर्षांत इंधनाचे जे ६०-७० हजार वाचतील, ते एका फटक्यात गेले असे समजावे.

दहा नंबरचा पाना (सातारा)

मी वीस वर्षे दुचाकींची दुरुस्ती करतो आणि गेली चार वर्षे विजेच्या गाड्याही हाताळतो, त्यामुळे दोघांनाही थोडे थोडे खोडून काढणार आहे.

घाटवाट यांनी दिलेली खर्चाची यादी खरी असली तरी अपुरी आहे. ही गाडी वजनाला जड असते आणि जागेवरून उठताना तिचा जोर एकदम लागतो, म्हणून मागचा टायर पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर गुळगुळीत होतो. ज्यांची मोटर चाकातच बसवलेली आहे, त्यांच्या चाकाचे वजन वाढते आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका बेअरिंगवर येतो. मोटर मध्ये असलेल्या गाड्यांत तो त्रास कमी, पण बेल्टचा ताण पाहावा लागतो. मोटर जळालेली गाडी माझ्याकडे क्वचितच येते. येतात त्या वायरिंगच्या जोडात पाणी शिरलेल्या, कोनसेट (हँडलच्या दांड्यातील बेअरिंग) ढिला झालेल्या आणि दिवे व इलेक्ट्रॉनिक्स चालवणारी लहानशी १२ व्होल्टची बॅटरी उतरल्यामुळे ठार बंद पडलेल्या. या शेवटच्या प्रकारात मालक घाबरून मोठी बॅटरी गेली असे समजतो. जोडांत पाणी कसे जाते, याचे उत्तर बहुतेक वेळा धुण्याच्या फवाऱ्यात सापडते. ओल्या फडक्याने पुसण्याचा कंटाळा पुढे हजारोंना पडतो.

आता वऱ्हाडी पाव्हण्यांकडे वळतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजला ही गाडी का दुरुस्त होत नाही, याचे कारण आमच्या हातातील कौशल्यात नाही. बिघाडाचा कोड वाचणारी प्रणाली कंपनी आपल्याकडे ठेवते, आणि नवा कंट्रोलर बसवला तरी गाडीने त्याला ओळखावे यासाठी कंपनीच्याच संगणकावरून परवानगी लागते. माझ्या मते या गाडीचे आयुष्य बॅटरीच्या रसायनापेक्षा या कुलपावर ठरते. २०१० च्या सुमारास शिसे-आम्ल बॅटरीच्या स्कूटरींची एक लाट येऊन गेली होती. त्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत बसत, पण बाजारात कोणत्याही दुकानात दुसऱ्या मिळत. तरीही त्या गाड्या अडगळीत गेल्या, कारण विकणारेच दुकान गुंडाळून गेले आणि चार्जर व कंट्रोलर मिळेनासे झाले.

घाटवाट (पुणे)

उष्णतेचा मुद्दा मी कमी लेखला, हे कबूल. मात्र वऱ्हाडी पाव्हण्यांच्या हिशेबात एक गोष्ट सुटली आहे. पाच वर्षांनंतर बॅटरी संपतेच असे गृहीत धरून त्यांनी सगळी बचत तिच्यावर खर्च केली, पण ५४ किलोमीटर जाणारी गाडी रोजच्या २० किलोमीटरसाठी निकामी कशी ठरते? पेट्रोलच्या इंजिनाचे दाब कमी झाले, मायलेज पन्नासवरून चाळीसवर आले, तर आपण गाडी भंगारात काढत नाही. आणि १९ वर्षे चाललेल्या स्कूटरच्या इंजिनाचे काम किती वेळा झाले, हेही सांगावे.

पाना यांना एक प्रश्न आहे. कंपनीने बॅटरी बदलायची नाही म्हटले, तर स्थानिक कारागिराकडून आतील खराब सेल बदलून घेता येणार नाहीत का?

दहा नंबरचा पाना (सातारा)

घेणारे घेतात, मी करत नाही आणि करू नका असेच सांगेन. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गट दुबळा झाला की बॅटरीच्या सगळ्या पेटीची क्षमता त्याच्यापुरती उरते, हे खरे. पण जुन्यांत नवे सेल घातले की त्यांचा मेळ बसत नाही आणि काही महिन्यांत पुन्हा तेच होते. २०२२ मध्ये गाड्यांना आगी लागल्यानंतर एआयएस-१५६ हे सुरक्षा मानक कडक झाले. तेव्हापासूनच्या पेट्या अधिक सुरक्षित आहेत आणि म्हणूनच उघडायला अधिक अवघडही. एकदा उघडलेली पेटी पुन्हा पहिल्यासारखी पाणीबंद होत नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)

दोन्ही बाजूंनी रोज चालणाऱ्या गाडीचाच विचार झाला. आमच्याकडे पावसाचे चार महिने गाडी पडवीत असते. मी जूनमध्ये मुलाकडे मुंबईला गेलो, तेव्हा गाडीत सहा टक्के चार्ज होता. गणपतीला परत आलो तर ती दिवाही लावेना. बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत ठेवणे हा निष्काळजीपणा असल्याचे सांगून हमी नाकारण्यात आली, आणि पुस्तिकेत ती अट खरोखरच बारीक अक्षरांत होती. तेव्हापासून बाहेरगावी जाताना निम्मा चार्ज ठेवतो आणि शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा लावायला सांगतो. घाटवाट, आठ वर्षांच्या हमीवर आपण एवढी भिस्त ठेवली आहे, तर तिच्या अटी आधी वाचा.

घाटवाट (पुणे)

वाचल्या, आणि काल सर्व्हिसिंगच्या वेळी बॅटरीची उरलेली क्षमता जॉब कार्डावर लिहून मागितली. ८६ टक्के भरली. माझ्या रस्त्यावरच्या अनुभवाशी हा आकडा जुळतो.

वऱ्हाडी पाव्हणा (नागपूर)

इंजिनाचे काम दोनदा झाले, आणि दोन्ही वेळा मिळून आठ हजारांत झाले. आपल्या ८६ टक्क्यांबद्दल एवढेच म्हणेन की, ७० च्या खाली गेल्यास ज्यांना बॅटरी बदलून द्यावी लागेल, त्यांच्याच यंत्राने हा आकडा दिला आहे. जुनी गाडी विकत घेणारा त्यावर विश्वास का ठेवील?

दहा नंबरचा पाना (सातारा)

शंका रास्त आहे, पण ती घरच्या घरी तपासता येते. युनिट मोजणारा प्लग बाजारात मिळतो. गाडी २० टक्क्यांवर आणून शंभरपर्यंत चार्ज करावी आणि किती वीज गेली ते पाहावे. २.९ किलोवॅट-तासांची नवी बॅटरी चार्जरमधील गळती धरून सुमारे २.६ युनिट घेते. ८६ टक्के क्षमता उरली असेल तर सव्वादोनच्या आसपास आकडा यायला हवा. दोनच्या खाली आला, तर जॉब कार्ड खोटे बोलत आहे. मात्र मोजणी दरवर्षी एकाच ऋतूत करावी, कारण थंडीत आणि उन्हाळ्यात आकडा थोडा हलतो.

घाटवाट (पुणे)

प्लग मागवला आहे. या रविवारी मोजून येथेच लिहितो. नागपुरातही कोणी मोजले, तर तुलना करता येईल.