गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. चार महिने झाले, आता बघायचं काय राहिलं?

हिरवी_दोनसीटर
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या. माझ्याकडे १९७२ ची ब्रिटिश दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार आहे, चार सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, पॉइंट्सवालं (स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) इग्निशन, मागे इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. सहा वर्षं झाली घेऊन. या वयाच्या गाडीला काही ना काही चालूच राहणार हे मी धरूनच चालतो, ऑइल गळतं, छत गळतं, त्याचं काही नाही. पण या वेळचं दुखणं काही केल्या हाताला लागत नाहीये.

होतं असं की सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला उठते. वीस-पंचवीस मिनिटं अशी चालते की उतरावंसं वाटत नाही. आणि मग एकदम बंद. कडेला घेऊन कितीही सेल्फ मारला तरी नाही म्हणजे नाही, बॅटरी बसायला येते. बॉनेट उघडून अर्धा तास थांबायचं, मग काही झालंच नाही अशी सुरू होते. आणि घरी उभी ठेवून तासभर चालू ठेवली तर एकदाही बंद पडत नाही, म्हणजे मेकॅनिकसमोर तर ती शहाण्यासारखीच वागते.

आत्तापर्यंत प्लग, प्लगकडे जाणाऱ्या एचटी वायरी, स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल, पॉइंट्स, कंडेन्सर, पेट्रोल फिल्टर आणि पंप बदलून झालं, कार्ब्युरेटर दोनदा खोलून साफ केले. मेकॅनिक दर वेळी म्हणतो आता झालं, आणि आठवड्याने आम्ही परत कडेला उभे.

गेल्या रविवारी मुलगी बरोबर होती. अकरा वर्षांची आहे. वळणावर चढाला बंद पडली, मागे गाड्यांची रांग, कशीबशी कडेला ढकलली. मी बॉनेट उघडून येतोय तोवर हिने पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचायला लागली. मी विचारलं पुस्तक कशाला आणलंस, तर म्हणाली बंद पडल्यावर लागतं ना. ते मला फार लागलं हो. तिला या गाडीची ओढ लागावी म्हणून तर मी तिला घेऊन जातो.

विकायची नाहीये, पण आता मी जवळजवळ तिथपर्यंत आलोय. काय बघायचं राहिलंय ते सांगा.

कॅनव्हास_छत
सगळ्यात आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते बुजलं की जसजसं पेट्रोल कमी होतं तसतशी टाकीत पोकळी होते आणि पंपाला खेचता येत नाही. लक्षण अगदी हेच, वीस-तीस मिनिटांनी बंद आणि थोडा वेळ थांबलं की चालू, कारण तेवढ्यात हवा हळूहळू आत शिरते. पुढच्या वेळी बंद पडली की आधी झाकण उघडा, फुस्स असा आवाज आला तर चोर सापडला.

दुसरं म्हणजे पेट्रोलचे रबरी पाइप. आत्ताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते आतून खातं, बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो आणि आतून काळे तुकडे सुटून कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठतं ती वाटी) सुईत जाऊन बसतात. माझ्याकडे झालंय. शिवाय पाइप एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर पेट्रोलची वाफ होऊन अडते ते वेगळंच.

जुना_पाना
एक विचारतो, रागावू नका. चार महिन्यांत एवढे पार्ट बदलले, पण गाडी बंद पडली त्या क्षणाला पेट्रोल संपलं होतं का स्पार्क संपला होता, हे एकदा तरी बघितलंत का? मी पस्तीस वर्षं याच गाड्यांत घालवली आणि माझं म्हणणं एवढंच की असं येऊन जाऊन असणारं दुखणं ते चालू असताना पकडायचं असतं. अर्ध्या तासाने सुरू झालेल्या गाडीत काय सापडणार, ती तर त्या वेळी बरी झालेली असते. मेकॅनिकचा पण दोष नाही यात, त्याच्यापुढे ती कधी आजारी पडलीच नाही.

दोन गोष्टी सांगा. बंद पडायच्या आधी खोकते का, झटके खाते का, ओढ कमी होते का? का बटण दाबल्यासारखी एकदम गप्प होते? पेट्रोल कमी पडलं तर गाडी सांगून मरते, फ्लोट चेंबरमध्ये थोडं शिल्लक असतं ते संपेपर्यंत धडपडते. इग्निशन गेलं तर न सांगता मरते.

दुसरं, तुमचा आरपीएमचा काटा. ७२ ची आहे म्हणजे बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटर, कॉइलच्या वायरीवरून चालणारं. गाडी बंद पडते तेव्हा ती गिअरमध्ये असते, चाकं अजून इंजिन फिरवत असतात. त्या वेळी काटा इंजिनबरोबर हळूहळू खाली आला तर कॉइलपर्यंतचं काम ठीक. पण इंजिन फिरत असताना काटा धपकन शून्यावर पडला तर कॉइलच्या प्रायमरी (बॅटरीकडून करंट येणाऱ्या) बाजूचा करंट तुटतोय, म्हणजे स्विच, कॉइलकडे जाणारी वायर, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना स्पार्क वाटणारा डबा, पॉइंट्स त्यातच असतात) आतलं काहीतरी. मग पेट्रोलकडे बघायचीच गरज नाही.

आणि आता हे कळेपर्यंत एकही पार्ट बदलू नका. मेहेरबानी करा.

मल्टिमीटरवाली
पानाकाकांना अनुमोदन. एक भर घालते, नवीन कॉइल कुठली बसवलीत? साध्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास असतो, बॅलास्टवालीचा, म्हणजे बाहेर वेगळा रेझिस्टन्स लावून चालवायच्या कॉइलचा, दीडच्या आसपास. बॅलास्टवाली जर सरळ १२ व्होल्टवर जोडली तर दुप्पट करंट खाते, हात लावता येणार नाही इतकी तापते आणि पॉइंट्स पण लवकर जळतात. दोन्ही कॉइल दिसायला अगदी सारख्या असतात त्यामुळे ही चूक फार होते. वायरी काढून दोन छोट्या टर्मिनलमध्ये मोजा आणि इथे टाका.

नवीन कंडेन्सर आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून स्पार्क वाटणारा तुकडा) यांच्यावर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. हल्ली मिळणाऱ्या रोटरमध्ये मधल्या पितळी पट्टीला रिव्हेट असतो, तो खालच्या शाफ्टच्या फार जवळ येतो आणि स्पार्क तिथूनच खाली उतरतो, असे मी तीन फेकलेत. नवीन म्हणजे चांगला असं या गाड्यांत धरताच येत नाही.

लांबचा_रस्ता
मी वेगळं सांगतो. मी नऊ वर्षं अशीच गाडी ठेवली आणि गेल्या वर्षी विकली, आणि मला वाईट वाटत नाही. त्या जागी माझदा एमएक्स-५ आणली, १९८९ मध्ये ही आलीच मुळी जुन्या ब्रिटिश रोडस्टरचा आनंद न बंद पडणाऱ्या गाडीत देण्यासाठी. छत उघडायचं, चावी फिरवायची, निघायचं. आमच्या घरी आता रविवारी कुणी विचारत नाही की पोचू ना आपण. तुमच्या मुलीचं वाचलं म्हणून लिहितोय. तिला ओढ लागायची असेल तर आधी ती पोचायला हवी कुठेतरी.

नाहीतर किमान पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. ३००० आरपीएमला ते बिचारे पॉइंट्स सेकंदाला १०० वेळा उघडतात-मिटतात, झिजणारच.

जुना_पाना
लांबचा रस्ता, विकलीत त्याबद्दल काही म्हणणं नाही, ज्याला जे झेपतं ते. इलेक्ट्रॉनिक किटला पण माझा विरोध नाही, माझ्या एका गाडीत आहे. पण दुखणं न शोधता किट लावू नका. किट गेलं की रस्त्यात काही करता येत नाही, पॉइंट्स निदान कानशीने घासून, गॅप करून घरी आणतात. लावलंच तर जुनी प्लेट पॉइंट्स-कंडेन्सरसकट डिकीत ठेवायची.

हिरवी_दोनसीटर
सगळ्यांचे आभार. आधी बाकीचं सांगतो. कॉइल ३.१ ओहम आली, म्हणजे ती बरोबर आहे. टाकीचं झाकण उघडून बघितलं, आवाज नाही. पाइप दोन वर्षांपूर्वीच बदललेत, इथेनॉल चालणारे आहेत.

खोकण्याबद्दल पानाकाका, तुम्ही विचारल्यावर मी नीट आठवायला बसलो आणि आठवेना. चार महिने बंद पडतेय आणि कशी बंद पडते ते मला सांगता येत नव्हतं, कारण त्या वेळी लक्ष सगळं मागच्या गाडीकडे आणि कडेला कुठे घेऊ याच्याकडे. मग मुलीला विचारलं, आरपीएमच्या काट्यावर लक्ष ठेवशील का. हो म्हणाली. शनिवारी सकाळी रिकाम्या रस्त्याने निघालो, ती काट्याकडे टक लावून, मध्ये मध्ये मला आकडा सांगतेय. तेवीस मिनिटं झाली, मी अॅक्सिलरेटरवरून जरा पाय उचलला आणि ती ओरडली, बाबा काटा पडला! इंजिन बंद पडल्याचं मला त्यानंतर कळलं. गाडी अजून तिसऱ्या गिअरमध्ये पळत होती आणि काटा शून्यावर.

खोकली नाही, काही नाही. एकदम गप्प.

इग्निशन चालू करून कान दिला तर पंप चारदोन वेळा टिकटिक करून थांबला, म्हणजे पेट्रोल भरलेलं आहे. आता पुढे काय करू?

मल्टिमीटरवाली
वा, मुलीला शाबासकी द्या माझ्याकडून! हेच हवं होतं.

आता एक १२ व्होल्टचा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा, गाडीत ठेवा. बंद पडली की लगेच, थंड व्हायच्या आत, एक वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला आणि दुसरी आधी कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलला. इग्निशन चालू असताना बल्ब लागला म्हणजे स्विचपासून इथपर्यंत ठीक. नाही लागला तर मागे मागे जायचं, फ्यूज, स्विच, जोड.

मग तीच वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला पाहिजे, कारण पॉइंट्स मिटले की विझणार, उघडले की लागणार. सारखा लागूनच राहिला तर पॉइंट्सचा रस्ता कुठेतरी तुटलाय. अजिबात लागलाच नाही तर कुठेतरी बॉडीला चिकटतंय.

पेट्रोलचा वास येत असेल तर हे काही करू नका, आधी तो बघा.

जुना_पाना
लागूनच राहिला तर डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर काढा आणि आतली ती छोटी वायर बघा, बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंट्सकडे जाणारी. पॉइंट्स बदलताना ती कुणी बदलत नाही, जुनीच परत लावतात. पॉइंट्स बसतात ती प्लेट, इंजिनच्या व्हॅक्यूमप्रमाणे स्पार्कची वेळ बदलणाऱ्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सने सतत मागेपुढे फिरते आणि ती वायर प्रत्येक वेळी वाकते. पन्नास वर्षं वाकतेय. वरचं कव्हर शाबूत राहतं आणि आतल्या तारा एकेक करून तुटतात. थंड असताना कव्हर कडक असतं, टोकं एकमेकांना टेकून राहतात, गरम झालं की कव्हर मऊ पडतं आणि टोकं सुटतात. तुम्ही पाय उचलल्यावर बंद पडली म्हणालात ना, पाय उचलला की व्हॅक्यूम बदलतो आणि प्लेट हलते. घरी उभ्या गाडीत प्लेट एका जागी बसून असते, म्हणून तिथे बंद पडत नसणार.

माझा अंदाज आहे, बल्ब लावून बघा मग बोलू.

हिरवी_दोनसीटर
काका, तीच वायर.

रविवारी परत गेलो. या वेळी एकोणीस मिनिटांत बंद पडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती बंद पडल्यावर मला बरं वाटलं. बल्ब पहिल्या टर्मिनलला लागला. दुसऱ्या टर्मिनलला लावून मुलीला चावी फिरवायला सांगितली, बल्ब लागूनच राहिला, लुकलुकला नाही. कॅप काढली, बल्ब तसाच ठेवून मुलीच्या पेन्सिलने ती वायर हळूच दाबली. विझला. सोडली, लागला. दाबली, विझला. आम्ही दोघं पाच मिनिटं तेच करत बसलो होतो, तिने पण करून बघितलं.

घरी येऊन वायर काढली. दीड-दोन इंचांची असेल, बाहेरून काळी, गुळगुळीत, कुठे चीर नाही. दोन बोटांत धरून वाकवली तर मधे एका जागी काही हाडच नसल्यासारखी मोडली. ब्लेडने कव्हर उभं कापलं तर आत तारांचे हिरवट पडलेले तुकडे, अखंड एकही नाही. कॉइल, पंप, कार्ब्युरेटर सगळ्यांवर मी संशय घेतला आणि हिच्याकडे दर वेळी कॅप उघडून बघितलं होतं, दिसतच होती समोर.

आता एक विचारायचंय. गाडीच्या वायरिंगची साधी वायर माझ्याकडे आहे, ती तिथे लावली तर चालेल का? आणि लांबचा रस्ता, तुमचं म्हणणं मनाला लागलं होतं, खरं सांगतो. पण एक लक्षात आलं, इलेक्ट्रॉनिक किट लावलं असतं तर त्याच्या स्वतःच्या वायरी येतात, म्हणजे ही वायर आपोआप गेली असती आणि गाडी बरी पण झाली असती. फक्त काय झालं होतं ते मला कधीच कळलं नसतं.

लांबचा_रस्ता
बरं वाटलं वाचून. आमच्या घरी कुणी काट्याकडे बघायला बसलं नव्हतं कधी, मीही कधी सांगितलं नाही.

मल्टिमीटरवाली
साधी वायर नको! ती जाड तारांची असते, रोज वाकवली तर काही महिन्यांत तीच गत. खूप बारीक तारांची, हातात घेतली की लोळणारी लवचिक वायर घ्या, मल्टिमीटरच्या चांगल्या प्रोबला असते तशी, आणि कव्हर उष्णता सहन करणारं. लांबी अशी ठेवा की प्लेट दोन्ही टोकांना गेली तरी ताण येणार नाही, पण एवढी ढिली पण नको की कॅमला किंवा रोटरला घासेल. प्लेट हाताने पूर्ण फिरवून बघा.

आणि पॉइंट्सच्या खांबावर लावताना या वायरीचं टोक आणि कंडेन्सरचं टोक दोन्ही पॉइंट्सच्या पत्तीला टेकले पाहिजेत, पण मधल्या खांबाला किंवा नटला टेकता कामा नयेत, तिथे प्लॅस्टिकचा बुश असतो तो विसरू नका. विसरलात तर स्पार्कच येणार नाही.

जुना_पाना
आणि प्लेटची अर्थची वायर पण त्याच वयाची आहे, तीही लगेहाथ बदला. मग गॅप ०.३५ ते ०.४० मिमी करून टायमिंग परत बघा. काढलेली वायर टाकू नका, मुलीला द्या ठेवायला.