फोटोऐवजी पेंग्विनच दिसतोय? आधी टर्मिनल बघा

तुमचा प्रश्न असा, की नियोफेचच्या (टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, संगणकाची माहिती लोगोसकट दाखवणारा प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, स्वतःच्या फोटोचा पत्ता दिला, तरी लोगो जुना अक्षरांनी काढलेला पेंग्विनच येतो. फक्त पत्ता देऊन भागत नाही. चित्र कशाने दाखवायचं हे सांगणारी 'इमेज बॅकएंड' ही ओळ मुळात 'अस्की'वर, म्हणजे अक्षरांच्या चित्रावर असते, ती बदलावी लागते. काय बदलायचं हे टर्मिनलवर ठरतं. किटी टर्मिनल असेल तर 'किटी' लिहा. चित्र दाखवायचा जुना 'डब्ल्यू३एम'वाला मार्ग एक्स११ वर (लिनक्सची खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) चालायचा, वेलँडवर (तिच्या जागी आलेली नवी यंत्रणा) त्याच्या नादी लागू नका.

बॅकएंड बदलूनही नियोफेच मुकाट्याने अक्षरांवर परतत असेल, तर त्याच्यापुढे '-व्हीव्ही' लावून चालवा. मग तो नेमका कुठे अडला ते बोलतो. माझ्याकडे फाइलच्या नावात शेवटी 'पीएनजी'ऐवजी 'जेपीजी' होतं, आणि मी अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर तपासत बसलो होतो!

फोटो बदलूनही जुनाच दिसला तर '--क्लीन' वापरा. नियोफेच फोटोच्या लघुप्रतिमा साठवून ठेवतो, त्या याने पुसल्या जातात. टीमक्सच्या (एकाच टर्मिनलचे अनेक भाग करणारा प्रोग्राम) आत असाल तर आधी बाहेर येऊन बघा, निम्म्या वेळा भानगड तिथेच असते.

खरं सांगायचं तर नियोफेचची शेवटची आवृत्ती 2020 ची, आणि 2024 मध्ये त्याचं कोडचं भांडार गोठवलं गेलं. मी फास्टफेच या तशाच प्रोग्रामवर गेलोय. तिथे लोगोचा प्रकार 'किटी-डायरेक्ट' ठेवला की पीएनजी थेट दिसते. टर्मिनलला चित्रं जमतच नसतील तर 'चाफा' प्रकार घ्या; चित्र ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, पण दिसतं.

तुमचं टर्मिनल कोणतं ते सांगा, मग पुढचं बघू.