ई-कॉलर घेताना पैसे कशावर घालावेत?

रानवाट: कोयोटीसाठी, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या जनावराच्या शिकारीसाठी, कॉलर (प्राण्यांचे आवाज वाजवून जनावर जवळ बोलावणारं, रिमोटवर चालणारं यंत्र) बघताना पहिला प्रश्न हमखास असतो, 'त्यात आवाज किती प्रकारचे?' पाचशे असले तरी वाजतात आठ-दहाच: जायबंदी सशाची किंकाळी, उंदराची चिरचिर, पाडसाचा टाहो, कोयोटीची हूक, पिल्लांचं केकाटणं. पैसे स्पीकरवर आणि रिमोटवर घाला.

टेकाड: अर्धं पटलं. स्पीकर म्हणजे भोंगा की कोन (शंकूच्या पडद्याचा साधा स्पीकर)? भोंगा आवाज लांब फेकतो, पण तोंड असेल त्याच दिशेला. खालची पट्टी त्याला झेपत नाही, हूक पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी येते. कोन ती हूक भरदार काढतो, पण वाऱ्यात लवकर विरतो.

रानवाट: म्हणून दोन्ही असलेला घ्यायचा. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. वारा आणि झाडोरा खातो ते वेगळंच. झाडीत मात्र कोन पुरतो.

शीळवाला: एवढा खटाटोप कशाला? तोंडाने फुंकायचा कॉल खिशात मावतो, सेल लागत नाहीत, जनावर बिचकलं की सूर तिथल्या तिथे बदलता येतो.

टेकाड: आणि जनावर नजर रोखून थेट तुमच्याकडेच येतं! कॉलरचा खरा फायदा हाच, आवाज एकीकडे, माणूस दुसरीकडे. ४०-५० मीटरवर, वाऱ्याला आडवा ठेवा. कोयोटी वास घ्यायला आवाजाच्या वाऱ्याखालून, म्हणजे वारा वाहत जातो त्या बाजूने, वळसा घेते. तो वळसा बंदुकीसमोर यायला हवा, पाठीमागे नव्हे.

शीळवाला: पन्नास मीटरवर रिमोट दगा देतो, त्याचं काय?

रानवाट: डब्यावर छापलेला पल्ला उघड्या मैदानातला असतो. मध्ये चढ किंवा ओलं गवत आलं की तो झपाट्याने घटतो. कॉलर गवतात खुपसू नका, झुडपात गुडघाभर उंचीवर अडकवा. आणि सेल! अल्कलाइन थंडीत लगेच दम टाकतात. आवाज पूर्ण चढवला की व्होल्टेज कोसळतं, आवाज फाटतो किंवा यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. दोष सेलचा आणि शिव्या स्पीकरला. थंडीत लिथियमचे सेल घाला.

टेकाड: स्वतःच्या फाइल्स चढवता येतात का, तेही बघा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक गळतं आणि कोयोटीला तर त्याच्याही बरंच वर ऐकू येतं.

रानवाट: गळू दे! वरचे सूर हवेत असेही लवकर मरतात, भोंगाही ते धड काढत नाही. मूळ ध्वनिमुद्रण स्वच्छ असलं की पुरे.

शीळवाला: नियम विसरू नका. अमेरिकेत स्थलांतरित बदकांसाठी इलेक्ट्रॉनिक कॉल बंद आहेत. कोयोटीसाठी नियम राज्यागणिक बदलतात.

टेकाड: हलणाऱ्या डिकॉयचं (नकली सावजाचं) मात्र बघा. बॉबकॅट, म्हणजे तिकडचं रानमांजर, हालचालीवर खिळतं, पण सावकाश येतं. आवाज न थांबवता अर्धा तास तरी बसा. कोयोटीला पंधरा-वीस मिनिटं.

शीळवाला: अर्धा तास सलग फुंकणं नाही जमत. बॉबकॅटपुरता कॉलर कबूल, कोयोटीला नाही.