भावाशी अबोला असताना प्रभुभोजन घ्यावे का?

बांधावरचा (प्रश्न)

सर्वांना सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या मंडळीचा सभासद असून शेती करतो. वडिलांच्या पश्चात आम्हा दोघा भावांची वाटणी झाली आणि दोघांच्या शेतांमध्ये एकच बांध उरला. तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरने नांगरट करताना तो माझ्या बाजूने कोरला गेला. मुद्दाम कोरला नाही, असे मी तेव्हा म्हणालो. पण पुढच्या हंगामात तो पुन्हा घालून देण्याऐवजी मी तिथपर्यंत पेरणी केली, हेही तितकेच खरे आहे. तेव्हापासून आमच्यात अबोला आहे.

आम्ही दोघेही दर रविवारी उपासनेला जातो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा भाकरी-द्राक्षरसाचा विधी, असतो. तो पुढच्या बाकावरून उठतो, मी मागच्या, आणि एकाच भाकरीचा तुकडा घेऊन आम्ही वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतो. गेल्या कापणीच्या सणाला मी बाजरीची पाटी अर्पण म्हणून वेदीपुढे नेऊन ठेवली. उपासनेनंतर आवारात नेहमीप्रमाणे लिलाव झाला. भोपळे, अंडी, कोंबड्या यांच्यावर बोली लागली आणि माझी पाटी पुढे आली तेव्हा भाऊ उठून निघून गेला. नांगराच्या ज्या दोन तासांवरून आमचे बोलणे बंद आहे, त्यांतलेच काही दाणे त्या पाटीत असणार, हे मला घरी आल्यावर सुचले.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील, वेदीपुढे दान ठेवून भावाकडे जाण्याविषयीची वचने (२३-२४) तेव्हापासून मनातून जात नाहीत. समेट होईपर्यंत मी प्रभुभोजन घेणे थांबवावे का? उपासना उपासनेच्या जागी आणि शेताचा वाद शेताच्या जागी, असे आमच्याकडचे काही वडीलधारे सांगतात. ते मला पटत नाही, पण मला ते खोडूनही काढता येत नाही.

सेवानिवृत्त पाळक

प्रिय बंधू, सलाम. वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर तुमच्या बांधावरच आहे. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सर्व इस्राएल लोक देवासमोर उभे आहेत, लेवी वंशातले देवाचे सेवक मोठ्याने एकेक शाप उच्चारत आहेत आणि प्रत्येकाला लोकांनी 'आमेन' म्हणायचे आहे. मूर्तिपूजेविषयीचा शाप त्यात आहे, आईबापांचा अवमान करणाऱ्याविषयीचा आहे, आणि त्यानंतर लगेच शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणाऱ्याविषयीचा आहे. म्हणजे बांधाचा प्रश्न बाहेरून उपासनेत शिरलेला नाही. ज्या सभेत लोक 'आमेन' म्हणायला शिकले, त्या सभेतच तो होता. आमोस संदेष्टा तर स्वतः गुरे राखणारा आणि उंबराची झाडे सांभाळणारा माणूस होता, आणि तुमच्या गीतांचा गोंगाट मला नको, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, हा देवाचा निरोप त्यानेच आणला.

आता मत्तयाकडे येऊ. या वचनांतला एक बारकावा आमच्या प्रवचनांतूनही बरेचदा निसटतो. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे प्रभू येशू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर, असे म्हणतो. आपल्या मनातला राग आपण प्रार्थनेत देवापुढे ठेवू शकतो, पण भावाची तक्रार मिटवायला भावाच्याच दारात जावे लागते. शिवाय प्रभू हे बोलला ते गालीलात. अर्पणाची वेदी यरुशलेमेच्या मंदिरात होती आणि गालीलाहून तिथवर पायी जायला तीन-चार दिवस तरी लागत. आणलेले दान तसेच ठेवून गावी परतायचे, समेट करायचा आणि पुन्हा तेवढीच वाट तुडवत यायचे, एवढा खटाटोप त्या एका आज्ञेत आहे. इतके दिवस उपासना थांबलेली असते, पण मोडलेली नसते, कारण परत येऊन दान अर्पण करण्याचे सांगणेही त्याच वचनात आहे. भावाच्या घरापर्यंतची वाट ही उपासनेचाच भाग आहे, असे मी आयुष्यभर मानत आलो आहे.

तुमचा नेमका प्रश्न प्रभुभोजनाच्या मेजाविषयी आहे. इंग्लंडच्या मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात पाळकासाठी याबाबत स्पष्ट सूचना आहे. ज्या दोघांत वैर आहे त्यांना समेट होईपर्यंत मेजापाशी येऊ देऊ नये. मात्र एक जण मनापासून क्षमा करायला आणि स्वतःच्या अपराधाची भरपाई करायला तयार असेल आणि दुसरा हट्टाला पेटला असेल, तर तयार असलेल्याला घ्यावे. यात अट समेट साधल्याची नाही, तयारीची आहे, आणि तयारीत भरपाई आलीच. मला परखडपणे लिहू द्या: तुम्ही अजून ती दाखवलेली नाही. तुमच्या जागी मी असतो तर एक महिना बाकावर बसून राहिलो असतो, पण तो महिना भावाकडे जाण्यात घालवला असता.

वसईकर

मी कॅथलिक आहे, तरी लिहितो. आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना झाल्यावर आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एकमेकांना शांती देण्याचा विधी असतो. त्या क्षणी शेजारी कोण बसले आहे हे आपल्या हाती नसते, म्हणून मला तो विधी मोलाचा वाटतो. पण तुमच्या प्रकरणात पापनिवेदनाची शिकवण अधिक उपयोगी पडेल. एखाद्याची वस्तू आपल्याकडे राहिली असेल तर नुसत्या पश्चात्तापाने भागत नाही, शक्य असेल तर ती परत करावी लागते. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने येशूला घरी घेतले तेव्हा तो काही रडत बसला नाही. ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करीन, असे त्याने आकड्यासह सांगितले. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये आगेराच्या सणाला भाताच्या लोंब्या देवळात आशीर्वादासाठी नेतात, त्यामुळे तुमच्या बाजरीच्या पाटीचे दुःख मला समजले. क्षमा जरूर मागा, पण भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करण्याची तयारीही बरोबर घेऊन जा. माझी चूक झाली असेल, अशा मोघम शब्दांनी जमिनीचा प्रश्न सुटत नाही.

धाकटी जाऊ

पाळकसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट सांगते. खेड्यात एखादा माणूस प्रभुभोजनाला उठला नाही, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळते. तुम्ही भावाला काही न सांगता बाकावर बसून राहिलात, तर तो त्याला आपल्यावरचा आरोप वाटेल आणि त्याच्या बायकोला हातपंपावर चार जणी विचारतील. म्हणून आधी त्याच्याकडे जा आणि मग बसून राहायचे की नाही ते ठरवा.

आमच्या घरी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून असेच झाले होते. रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हायची आणि ती सासूबाई चालवायच्या. एके दिवशी प्रभूची प्रार्थना म्हणताना, आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, या ओळीपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे आज मला म्हणवत नाही." कंदिलाच्या उजेडात आम्ही सगळे तसेच बसून राहिलो, शेवटी कोणी आमेनही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः मोठ्या दिरांच्या वस्तीवर गेल्या. पाळीचा निकाल लागायला पुढे दोन महिने गेले, पण त्या संध्याकाळी त्यांनी ती ओळ म्हटली.

बांधावरचा

सर्वांचे मनापासून आभार. परवा रात्री मी भावाच्या शेतावर गेलो. शेतीपंपाची वीज सध्या रात्रीच असते, म्हणून तो एकटाच कांद्याला पाणी देत होता. मी काही न बोलता बॅटरी धरली आणि तो वाफ्यांची दारे मोडत गेला. तीन वाफे भरल्यावर त्यानेच विचारले, "काय काम काढलंस?" बांध माझ्या हातून कोरला गेला आणि पुढच्या वर्षी मी तो जाणूनबुजून तसाच ठेवला, हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की हे तीन वर्षांपूर्वी सांगितले असतेस तर मोजणीची गरज पडली नसती, आता मात्र मोजणीच करू.

काल अर्जावर दोघांनी सह्या केल्या आणि फी निम्मी-निम्मी भरायची ठरले. मोजणीची तारीख अजून मिळालेली नाही आणि प्रभुभोजनाचा रविवार त्याआधीच येतो आहे. आज पाळकांना भेटून सर्व सांगितले आहे. हद्दीच्या खुणा कायम होईपर्यंत मी बाकावरच बसणार आहे, आणि तसे भावाला आधीच कळवले आहे.