मदत हवी आहे: फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) पीळ पडलाय, वरचा पत्रा लावू की थांबू?

मंडळी, धायरीला घराच्या पार्किंगमध्ये दोन आसनी किट विमान बांधतोय. (डीजीसीएच्या, म्हणजे विमान नियामकाच्या, परवानगीचा विषय कृपया इथे नको. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या अमोल यादवांच्या विमानाची 2017 साली नोंदणी झाल्यापासून मला कोणी वेडा म्हणत नाही, सगळे कागदांचंच विचारतात.)

किट जुन्या पद्धतीचं आहे, पत्र्याला भोकं पाडून येत नाहीत. आखणी, ड्रिलिंग सगळं आपणच करायचं. पत्रा 6061-टी6 ॲल्युमिनियमचा, पॉप रिव्हेट. मागच्या भागाच्या दोन्ही बाजू टेबलावर आडव्या बांधल्या, मग उभ्या करून तळाचा पत्रा आणि बल्कहेड (धडातल्या आडव्या चौकटी) बसवले. सगळं क्लेकोवर (पत्रे तात्पुरते धरणाऱ्या पिनांवर) आहे, रिव्हेट एकही मारलेला नाही. फक्त वरचा पत्रा राहिलाय.

काल प्रत्येक बल्कहेडच्या वरच्या मध्यखुणेवरून गवंड्याचा ओळंबा सोडला. सीटमागच्या बल्कहेडला तो बरोब्बर तळाच्या मध्यरेषेवर, शेपटीकडच्याला मात्र 6 मिमी डावीकडे. तिथे उंची जेमतेम 300 मिमी, म्हणजे एक अंशाहून जास्त पीळ. आज सकाळी सातला परत मोजलं तर 5 मिमी. दुपारी डाव्या बाजूवर ऊन येतं, 3 मीटरचा पत्रा 15 अंशांनी तापला तर सुमारे 1 मिमी लांबतो, तेव्हा तेवढा फरक उन्हाचा धरला. उरलेल्या 5 चं काय?

वरून उघडा आहे तोवर हा डबा हाताने पिळतो. शेपटी जरा ढकलली की ओळंबा शून्यावर, सोडली की पुन्हा तिथेच. पण झाकण लागलं की जो पीळ असेल तो कायमचा. तसंच दाबून धरून वरचा पत्रा ड्रिल करू का? टेबलाला लेव्हल लावून पाहिली, ठीक आहे.

जाता जाता: कोपऱ्यातलं 3.2 मिमीचं एक भोक अंडाकृती झालंय. कडेपासून 9 मिमीवर आहे. 4 मिमीचा रिव्हेट चालेल?

*

प्रतिसाद:

दाबून धरून ड्रिल करायची घाई करू नका, आधी पीळ कुठून येतोय ते शोधा. टेबल ठीक म्हणता, पण फ्यूजलाज टेबलाला टेकलंय कुठे? शेपटीकडे तळ वर चढत जातो, तिथे खाली काहीतरी ठेवलंच असणार. दोन्ही टोकं वेगवेगळ्या घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) घ्या, प्रत्येक घोड्याची आडवी पट्टी स्वतंत्रपणे लेव्हल करा आणि पुन्हा ओळंबा सोडा. मोजमाप पहाटेच, शटर उघडायच्या आत. पीळ तरीही राहिला तर तळाच्या भोकांत गडबड आहे, मग तळाच्या क्लेको काढून बघावं लागेल.

भोकाचं म्हणाल तर मध्यापासून कडेचं अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट हवं. 4 ला 8 लागतात, तुमच्याकडे 9 आहेत. पण 4 मिमी केल्यावर अंडं पूर्ण गोल होतंय का ते डोळ्यांनी बघा, नाहीतर पट्टी लावा.

*

धागालेखक:

टेबल नाही, ठोकळा! गेल्या पावसाळ्यात किटच्या पेटीची फळी कापून शेपटीखालचा ठोकळा केला होता. फळी ओली होती, वाळताना वाकली. आज व्हर्नियरने मोजलं: 250 मिमी रुंदीत एका बाजूला 4 मिमी जास्त. घोड्यांवर घेतल्यावर ओळंबा अर्ध्या मिमीत आला, पहाटे साडेपाचला. आई उठून आली, ओळंबा बघून म्हणाली, "आता भिंत कसली बांधतोयस?"

वरचा पत्रा रविवारी. भोक 4 ला गोल झालं.